सहा ते सात, घर

बेल वाजली तेव्हा सहा वाजून सात मिनिटं झाली होती, आणि मितालीला बाथरूममधून बाहेर येऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा दीड तास त्या पाच मिनिटांनीच आमच्या माथी मारला. दारात पस्तिशीची एक बाई, गळ्यात ओळखपत्र, आणि तिच्यामागे निळी बॅग घेतलेला एक अबोल माणूस. ‘मिताली वामन मांडवकर यहीं रहती हैं?’ बाईने विचारलं. मी हो म्हणालो आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लेकीच्या लघवीचा नमुना न्यायला माणसं भल्या सकाळी दारात उभी राहिली की बाकीच्या बापांचं काय होत असेल कुणास ठाऊक, माझी मात्र मान ताठ झाली. ही माणसं कोणाच्याही घरी येत नाहीत. देशातल्या मोजक्या खेळाडूंची एक यादी असते. त्यांनी रोज कुठल्या एका तासात आपण कुठे सापडू ते आधीच कळवून ठेवायचं, आणि मग एखाद्या दिवशी, न सांगता, ही माणसं नेमक्या त्या तासात येतात आणि उत्तेजक औषध घेतलंय की काय ते तपासतात. आमच्या अख्ख्या यवतमाळात असं दुसरं घर असेल असं मला वाटत नाही. मितालीचा तास सकाळी सहा ते सात. तो मोबाईलवर भरायचं काम माझं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं रकाने भरून निवृत्त झालेल्या माणसाला यापेक्षा गोड काम कोण देणार? तारीख, वेळ, पत्ता. सहा ते सात, घर. गेल्या दोन वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही.

बाई आत आली, मितालीला कागद दाखवला, मितालीने सही केली, आणि त्या क्षणापासून बाईची नजर तिच्यावरून हलली नाही. नियमच तसा आहे. पोरगी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, बाई मागोमाग. पोरीने केस बांधले, बाई बघते आहे. नमुना देतानासुद्धा दार उघडं ठेवायचं आणि बाईने समोर उभं राहायचं. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा हे कळलं तेव्हा माझी बायको सुमेधा देवासमोर जाऊन बसली होती आणि मी गच्चीवर टाकीच्या आडोशाला. आपली पोरगी, आणि तिच्यावर हा असा पहारा! काय चोरी केली तिने? जोरात सायकल चालवली, एवढीच ना? मितालीच मला खाली न्यायला वर आली होती. ‘बाबा, माह्यं काई गेलं नाई,’ ती म्हणाली होती. ‘त्याइचं काम हाय ते.’ तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आज सुमेधा घरी नव्हती, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अमरावतीला गेली होती. मिताली बाईला म्हणाली, ‘मॅडम, अभी अभी जाके आयी. टाइम लगेगा.’ बाई म्हणाली, काही हरकत नाही, पाणी पी. मग आम्ही चौघे बैठकीत बसलो. मधोमध मितालीची सायकल भिंतीला टेकवलेली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी चहा विचारला. दोघांनीही नको म्हटलं. तोही बहुधा नियमच असावा.

नेमकं कालच संध्याकाळी शामशी बोलणं झालं होतं. शाम माझ्याच खात्यातला, वीस वर्षं माझ्या मागच्या टेबलावर बसला, आणि आता निवृत्तीनंतर कंपाउंडच्या भिंतीपलीकडे बसतो. मितालीचा फोटो पेपरात आला होता, राज्य स्पर्धेचा, तो त्याने पाहिला होता. ‘वामनराव, वाईट नोका मानू,’ शाम भिंतीवरून म्हणाला, ‘पन सायकलवाल्याइचं काई खरं नसते. सगळेच घेतात म्हन्ते.’ वाईट मानू नका म्हणून सुरू होणारं वाक्य वाईटच असतं, तरी माणूस ते पूर्ण ऐकून घेतो. रात्री मी जेवताना मनातल्या मनात त्याला उत्तरं देत बसलो. एखादा क्रिकेटवाला सापडला की तुम्ही काय म्हणता रे? खोकल्याचं औषध घेतलं होतं बिचाऱ्याने. बंदी संपते, तो परत येतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. कबड्डीच्या सामन्यांत मंडपामागे पोरं दंडात सुया टोचून घेतात असं सांगणारे चार जण तुझ्याच ओळखीचे आहेत, पण त्या पोरांना तू ‘काय दम आहे बाप्पा’ म्हणतोस. जिममध्ये एखाद्याचे दंड दोन महिन्यांत दुप्पट झाले तर तू त्याला पावडरीचं नाव विचारतोस आणि आपल्या पोरासाठी, बंटीसाठी, डबा घेऊन येतोस. सायकल म्हटली की मात्र तुझी भुवई वर. त्याला कारण आहे, मी नाही म्हणत नाही. जगातली सगळ्यात मोठी शर्यत सात वेळा जिंकलेल्या माणसाची सातही विजेतेपदं काढून घ्यावी लागली, त्याचा डाग अजून धुतला गेलेला नाही. पण रोज झाडतात तिथेच धूळ उडताना दिसते, शाम. खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षं नोंद ठेवायची पद्धत आधी कोणी सुरू केली? सायकलवाल्यांनीच. बाकीचे खेळ अंगण झाडत नाहीत म्हणून त्यांचं अंगण तुला स्वच्छ वाटतं. हे सगळं त्याला तिथल्या तिथे सुनवायला हवं होतं. त्याऐवजी मी ‘हाव, असन बाप्पा’ म्हणालो आणि आत आलो. मला त्याच्या डोळ्यांत बघवलं नाही, आणि त्याचं कारण शामला माहीत नव्हतं.

एकदा मीही शंका घेतली होती, ते आधी सांगतो. दीड वर्षापूर्वी मिताली एक शर्यत जवळजवळ दोन मिनिटांनी जिंकली. दोन मिनिटं म्हणजे मागची पोरगी दिसतच नाही. मी शेवटच्या रेषेपाशी उभा होतो, सगळ्यात मोठ्याने मीच ओरडलो, लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आणि त्याच रात्री हॉटेलात ती झोपल्यावर मी तिची बॅग उघडली. हे कसं होतं मला सांगता येत नाही. या पोरीच्या मागे मी स्कूटर घेऊन दारव्हा रोडला किती वर्षं फिरलो. तेरा वर्षांची असताना लोहाऱ्याच्या एमआयडीसीपुढच्या चढावर ती ट्रकच्या धुरात खोकत खोकत पॅडल मारायची आणि मी मागून घड्याळ बघून ओरडायचो. एकदा चढाच्या टोकावर उलटी झाली तिला, तोंड पुसून म्हणाली, ‘किती झाले?’ तिच्या पायात जे आहे ते कुठून आलं हे माझ्याइतकं कोणाला माहीत? आणि तरी मी बॅगेतली एकेक बाटली दिव्याखाली धरून वाचली. मीठ-साखरेची पाकिटं, पायाला लावायचं मलम, आणि एक शंभर पानी वही. वहीत तारखेनुसार तोंडात गेलेला प्रत्येक पदार्थ. पोळ्या तीन, केळी दोन, आईचा मेथीचा लाडू अर्धा. पॅरासिटामॉल एक, डोकं दुखलं म्हणून. लाडवात काय काय आहे ते आईला विचारून लिहिलेलं. मी वही होती तशी ठेवली आणि अंधारात पडून राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती आणि इतका अभिमानही. दोन्ही एकाच वेळी वाटतं तेव्हा झोप येत नाही.

‘पानी और पियो,’ बाई मितालीला म्हणाली. मिताली घोट घोट घेत होती. साडेसहा झाले होते. निळ्या बॅगवाला माणूस सायकलचं चाक न्याहाळत होता. माझं लक्ष मितालीच्या उजव्या हाताकडे होतं. मनगटाच्या वर, जिथे शीर ठळक दिसते तिथे, एक हिरवटसर डाग. सहा दिवसांचा. बाईला तो दिसला असेल का?

सहा दिवसांपूर्वी आम्ही ढाणकीला गेलो होतो, माझ्या बहिणीच्या, विमलताईच्या घरी, तिच्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला. मी आणि सुमेधा एसटीने. मिताली सायकलने. आर्णी, महागाव, उमरखेड करत सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर. ती सातला, तास संपताच निघाली आणि साडेअकराला विमलताईच्या दारात उतरली. अख्खा मांडव तिला बघायला उठला. नवरदेव एकटाच राहिला स्टेजवर. ऊन दिवाळी होऊनही कमी झालेलं नव्हतं. पोरगी उन्हातून आली आणि लोकांच्या आग्रहाला बळी पडून तिने वर भरपेट जेवण केलं, आणि संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. मग ताप. एकशेतीन. रात्री आठच्या सुमारास ती काहीतरी बरळायला लागली, गिअरबद्दल, चढाबद्दल. मला तिचे पाय दिसत होते, चादरीत थरथरणारे. गावातल्या डॉक्टरला बोलावलं. आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की भेटायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, सलाईन लावलं काय? दुसरा प्रश्न, किती बाटल्या? एक बाटली म्हणजे काळजी घेतली, दोन म्हणजे जीव लावला. गोळ्या देऊन परत पाठवणाऱ्या डॉक्टरकडे आमची माणसं पुन्हा जात नाहीत. विमलताई म्हणाली, ‘काहून पाहून राह्यला, वामन? पोरगी सुकून गेली. बाटली लाव तिले.’ डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. आणि मला नियम माहीत होता. हीच तर गोष्ट आहे. तो छापील कागद आमच्या फ्रिजवर दोन वर्षं चिकटवलेला आहे, मीच चिकटवला. शिरेतून शंभर मिलीलीटरपेक्षा जास्त काहीही नको, मग ते साधं पाणी का असेना, हॉस्पिटलातल्या उपचाराखेरीज. मी मनाशी म्हणालो, डॉक्टर घरी आला म्हणजे हॉस्पिटलच घरी आलं. एकतीस वर्षं शब्दांचा कीस काढणाऱ्या माणसाला शब्द वाकवणं काय जड आहे? खिडकीच्या गजाला बाटली टांगली. पाचशेची. ती संपेपर्यंत सुमेधा पाय चोळत होती आणि मी थेंब मोजत होतो. पहाटे ताप उतरला, मितालीने डोळे उघडले, हातावरचा कापूस पाहिला. ‘हे काय?’ मी म्हणालो, मलेरियासाठी रक्त काढलं. सुमेधाने माझ्याकडे पाहिलं आणि ती चहा करायला गेली. तिलाही कागद माहीत होता.

त्या पहाटेचंही मोबाईलवर मी बरोबर भरलं होतं. सहा ते सात, ढाणकी, विमलताईंचे घर. पत्ता अगदी पोस्टाच्या पिनसकट.

मी विचार करत होतो की पाण्याचा काय पुरावा राहतो? पाणी होतं, घामातून गेलं. चाचणीत काही निघणार नव्हतं, आणि पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिच्यासाठी ही पोरगी आठ वर्षं पहाटे उठली आहे. बोललो तर ती हातची जाईल. गप्प राहिलो तर काहीच होणार नाही. मी काहीतरी करायला हवं म्हणून अगदीच मूर्खपणा केला. बाई हिंदी बोलते म्हणजे दिल्लीकडची असेल असं धरून मी मितालीला आपल्या बोलीत, सहज म्हणावं तसं म्हणालो, ‘मिताली, जास्त मागचं कायले सांगत बसतं? आठवन तेवढंच सांगजो.’ मितालीच्या कपाळाला आठी पडली. तिला कळलंच नाही. बाई मात्र हसली. ‘काका, मी पुसदची आहो,’ ती म्हणाली. ‘प्राची नाव आहे माझं. तिले सगळंच सांगू द्या.’ माझे कान गरम झाले. निळ्या बॅगवाल्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

मग प्राचीबाईने फॉर्म काढला. तोवर वेळ आहे तर हे उरकून घेऊ, म्हणाली. सात दिवसांत काय काय घेतलं, गोळ्या, व्हिटॅमिन, काहीही. सात दिवस! आणखी दोन दिवस उशिरा आली असती तर तिचा प्रश्न ढाणकीपर्यंत पोचलाच नसता. मिताली उठली, बॅगेतून वही काढली, तीच शंभर पानी, आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. काल काही नाही. परवा काही नाही. तिचा आवाज शाळेत धडा वाचणाऱ्या मुलीसारखा सपाट होता, आणि मला वाटलं आपण आता उठून बाहेर जावं, पाणी तापवावं, काहीही करावं. ‘रविवार,’ तिने वाचलं. ‘ढाणकी. एकशे अठ्ठावीस किलोमीटर. दुपारी जास्त जेवण. संध्याकाळी उलटी, ताप. पॅरासिटामॉल दोन. उजव्या हातावर सुई. मलेरियाचं रक्त काढलं, बाबा म्हणाले.’

बाबा म्हणाले. तिने ते तपासलं नव्हतं. लाडवातल्या मेथीची चौकशी करणारी पोरगी, माझं बोलणं मात्र तिने होतं तसं उतरवून घेतलं होतं. मी तिची बॅग दिव्याखाली तपासली होती, आणि तिने माझा एक शब्दही तपासला नव्हता. माझ्या आत काहीतरी मोडलं आणि बरं वाटलं.

‘रक्त नाई काढलं,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘सलाईन लावलं होतं तुले. मी लावाले सांगतलं. तू झोपेत होती.’

पंखा फिरत होता. मितालीने वही मिटली नाही, उघडीच धरून ठेवली. पहिला प्रश्न तिने ‘काहून’ असा विचारला नाही. ‘किती?’ ती म्हणाली.

‘एक बाटली. पाचशेची.’

‘काहून?’

‘भेव वाटलं.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचे डोळे भरून आले, पण तिने पाणी खाली येऊ दिलं नाही. मग तिने माझ्या समोरचा मोबाईल उचलला, तो जिथे मी रोज तिचा तास भरतो, आणि स्वतःच्या खिशात टाकला. माझ्याकडून काढून घ्यायला तिच्याकडे तेवढं एकच पद होतं, आणि ते काढून घेणं बरोबर होतं. प्राचीबाईने पेन खाली ठेवलं आणि एकदम सरकारी आवाजात सांगितलं, की तातडीचा उपचार असेल तर मागाहून परवानगी मागता येते. डॉक्टरचा कागद लागेल, तापाची नोंद लागेल, कारण लागेल. मिळेल की नाही ते समिती ठरवते. ‘आणि पुढच्या महिन्यातली स्पर्धा?’ मी विचारलं. ‘तेही माझ्या हातात नाही, काका.’

‘डॉक्टरनं कागद देल्ला होता काय?’ मितालीने मला विचारलं.

‘नाई. आणतो. आजच जातो ढाणकीले.’

‘आधी हे लिहू.’ तिने फॉर्म माझ्यासमोर सरकवला. ‘तुम्ही लिहा. तुमचं अक्षर चांगलं हाय.’

प्राचीबाई थोडी घुटमळली. मग म्हणाली, लिहू द्या, सही मात्र खेळाडूची. खाली शेऱ्यासाठी जागा होती. आयुष्यभर मी लोकांच्या प्रकरणांवर शेरे मारले, स्वतःवरचा हा पहिलाच. मी तारीख घातली. गाव घातलं. ‘सदर खेळाडूस तीव्र ताप असताना ती बेशुद्धावस्थेत—’

‘झोपेत,’ मिताली म्हणाली. ‘बेशुद्ध नव्हती मी.’

मी ‘झोपेत’ केलं. पाचशे मिलीलीटर सलाईन देण्यात आले. खेळाडूस याची कल्पना नव्हती. तिच्या वडिलांनी तिला खोटे सांगितले. हे लिहिताना माझं अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं याचा मला रागही आला. मग मी पुढे लिहायला घेतलं, ‘यात दोष सर्वस्वी—’ आणि तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘दोष नोका लिहू. अंगात जे गेलं त्याचा जाब माह्याच असते बाबा, तुम्ही फ्रिजवर चिकटवलं नाई काय? जे झालं तेवढं लिहा.’

तेवढंच लिहिलं. तिने वाचलं, दोनदा, मग खाली सही केली. ही पोरगी माझी आहे. मोठ्याने म्हणावंसं वाटलं. प्राचीबाईला, त्या अबोल माणसाला, पुसदपर्यंत ऐकू जाईल असं. जी गोष्ट कोणी शोधू शकत नव्हतं ती हिने आपणहून कागदावर आणवली, आणि आठ वर्षं पणाला लावताना तिने फक्त एक शब्द दुरुस्त केला, तोही तो खोटा होता म्हणून. दीड वर्षापूर्वी शर्यतीच्या रेषेपाशी मी ओरडलो होतो ते काहीच नव्हतं.

पावणेआठला ती म्हणाली, ‘चला मॅडम.’ दार उघडं राहिलं. मी गच्चीवर गेलो नाही, बैठकीत बसून राहिलो. बाटल्या भरल्या, झाकणं लावली, क्रमांक जुळवले, बॅग बंद झाली. फॉर्मची गुलाबी प्रत आमच्याकडे राहिली. प्राचीबाई जाताना म्हणाली, ‘काका, कागद लवकर आणा.’

त्यांची गाडी वळली तसा शाम भिंतीवर आला. ‘काय झालं, वामनराव? काय निघालं?’

‘निघाले वेळ लागते,’ मी म्हणालो. ‘पन एक मी लिहून देल्लं. ढाणकीले पोरीले सलाईन लावलं होतं, ते चालत नाई यांच्यात.’

शाम भिंतीवर पुढे झुकला. ‘अन् सांगून देल्लं? येडे झाले काय? कोनाले समजलं असतं?’

‘कोनालेच नाई,’ मी म्हणालो, आणि या वेळी मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ‘तुह्या बंटीच्या डब्यात काय हाय ते लिहिलं हाय काय रे कुठं?’ शामने भिंतीवरचे हात काढून घेतले. तो वाईट माणूस नाही, त्याला एवढंच पुरे झालं.

मिताली सायकल घेऊन बाहेर आली. उशीर झाला होता, दारव्हा रोडला आता ट्रक सुरू झाले असणार. मी पिशवीत गुलाबी प्रत घातली, ढाणकीची एसटी नऊला होती. फाटकापाशी ती थांबली, हेल्मेटचा पट्टा लावत. सही केल्यापासून तिने माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. स्पर्धा मिळेल की नाही, मला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. मग तिने खिशातून माझा मोबाईल काढला आणि माझ्या हातात दिला.

‘उद्याचं भरलं नाई अजून,’ ती म्हणाली. ‘भरा.’

ती लोहाऱ्याकडे वळेपर्यंत मी फाटकात उभा राहिलो. मग चष्मा लावला आणि भरलं. सहा ते सात, घर.